इमारतीचे देणे

ठाण्याच्या वर्तकनगरातून येऊरच्या डोंगराकडे पाहिले, तर आज डोंगराच्या आधी उंच इमारतींची रांगच नजरेत भरते. काही दशकांपूर्वीचे चित्र निराळे होते. कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत वा छोट्या दुकानांत राबून संसार उभा करणाऱ्या कुटुंबांना परवडतील अशा बसक्या, लिफ्ट नसलेल्या इमारती येथे म्हाडाच्या वसाहतीत होत्या. त्यांतील अनेक इमारतींचा पुनर्विकास झाला, काहींचा चालू आहे. लहानशा खोल्यांच्या जागी प्रशस्त सदनिका आली, ज्येष्ठांचे जिने चढणे थांबले, मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली. हे सारे आनंदाचेच आहे.

परंतु नव्या घराची किल्ली हाती येते, त्यापाठोपाठ मेंटेनन्सचे बिलही येते. जुन्या इमारतीत काही शे रुपयांत भागणारा महिन्याचा खर्च आता काही हजारांवर गेलेला असतो. घर मोठे झाले, म्हणून निवृत्तिवेतन मोठे होत नाही. अशा वेळी सभेत एक मागणी हमखास पुढे येते: बिल कमी करा. कार्यकारिणीलाही अप्रिय व्हायचे नसते. मग जे खर्च आज टाळता येतात ते टाळले जातात, आणि पहिली कात्री लागते ती उद्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावयाच्या रकमेला. येथेच इमारतीच्या दुखण्याला आरंभ होतो.

वाचकहो, घर एकदाच घ्यावे लागते. इमारतीचे देणे मात्र दर महिन्याला फेडावे लागते. ते थकवले तर माफ होत नाही. पुढे कोणाच्या तरी माथ्यावर एकदम येऊन पडते, आणि बहुधा ज्याला ते सर्वांत कमी पेलवते त्याच्याच माथ्यावर पडते.

बिल वाढते कशाने?

चार मजल्यांच्या जुन्या इमारतीला झाडलोट, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि वर्षाकाठी टाकीची सफाई एवढा खर्च पुरत असे. उंच इमारतीचा संसार वेगळा आहे. दोन-तीन लिफ्ट, त्यांचे वार्षिक देखभाल करार व सरकारी तपासणी, चोवीस तासांचे वॉचमन, वीज गेल्यास जनरेटर, सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा, अग्निशमनाचे पंप व नळ ही यादी लांबत जाते. यांतील पुष्कळसा खर्च ऐच्छिक नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, घ्यावे लागते. हे पंप वर्षानुवर्षे वापरात येत नाहीत, म्हणून त्यांवरील खर्च काहींना वायफळ वाटतो. ते कधीच वापरावे लागू नयेत, आणि वापरायची वेळ आली तर त्यांनी दगा देऊ नये, हेच त्या खर्चाचे मोल होय.

सभासदांनी बिल वाचावयास शिकले पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांत प्रत्येक शुल्काची वाटणी कशी करावी हे स्पष्ट आहे. मालमत्ता कर महानगरपालिका ज्या सदनिकेला जेवढा आकारील तेवढा. पाण्याचा आकार सदनिकेतील नळजोडांच्या संख्येप्रमाणे. सेवा शुल्क मात्र सर्व सदनिकांना सारखे, कारण वॉचमन मोठ्या घराची जास्त आणि छोट्या घराची कमी राखण करीत नाही. लिफ्टचा देखभाल खर्चही तळमजल्यासह सर्वांनी सारखाच उचलावयाचा असतो. घर भाड्याने दिले असेल तर घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील कंडोमिनियममध्ये मात्र सामाईक खर्च सदनिकेच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. म्हणून आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे आधी पाहावे आणि मगच वाद घालावा.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. दरमहा प्रतिसभासद आकारणी ७,५०० रुपयांच्या आत असेल तर तीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. ती मर्यादा ओलांडली आणि संस्थेची वार्षिक उलाढालही २० लाखांवर गेली, तर करआकारणीचा प्रश्न उभा राहतो. अंदाजपत्रक मांडतानाच सनदी लेखापालाचा सल्ला घेणे हिताचे.

दोन निधी

बिलातील दोन ओळी सर्वांत दुर्लक्षित असतात: दुरुस्ती व देखभाल निधी आणि सिंकिंग फंड. आदर्श उपविधींनुसार पहिला निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का आणि दुसरा किमान पाव टक्का असावा. यात जमिनीची किंमत धरावयाची नाही.

उदाहरणादाखल ८० सदनिकांची इमारत घेऊ आणि प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च २० लाख रुपये मानू. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला १५,००० आणि पाव टक्का म्हणजे ५,००० रुपये. एकूण २०,००० रुपये, अर्थात महिन्याला सुमारे १,६६७. सारी इमारत मिळून वर्षाला १६ लाख आणि दहा वर्षांत, व्याज न धरताही, एक कोटी ६० लाख रुपये जमतात. त्यांतून वेळोवेळी दुरुस्त्या होत राहतात आणि मोठ्या कामासाठी पुंजीही उरते.

आता ‘बिल कमी’ ठेवणाऱ्या संस्थेकडे पाहू. दहा वर्षे काहीच जमवले नाही. मग बाहेरचे प्लास्टर, जलरोधक काम, रंग आणि लिफ्टचे मोठे काम मिळून ८० लाखांचा खर्च आला. प्रत्येक घरावर एकदम एक लाखाचा बोजा. मिळवते हात असलेले कुटुंब तो कसाबसा देईल. निवृत्तिवेतनावर जगणारी एकटी वृद्धा कोठून देईल? शिवाय मधल्या काळात जे घर विकून गेले, त्यांनी दहा वर्षे इमारत वापरली आणि झिजेचा वाटा न देताच ते निघून गेले. त्यांचे देणे नव्याने आलेल्याला फेडावे लागते. स्वस्त बिल म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज असते.

हे निधी चालू खर्चात मिसळू नयेत. वर्षअखेरीस विजेचे बिल भरायला पैसे कमी पडले, म्हणून सिंकिंग फंडाची ठेव मोडणे हा सरळ नियमभंग आहे. इमारतीची पुनर्बांधणी, मजबुतीकरण किंवा मोठी दुरुस्ती यांसाठीच तो असतो, आणि त्यालाही वास्तुविशारदाचे मत व सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. आपल्या समाजाला ही शिस्त नवी नाही. देवद्रव्य आणि साधारण खाते यांची सरमिसळ होऊ न देण्याची दक्षता आपले संघ पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. ज्या कामासाठी पैसा दिला गेला त्याच कामी तो लागावा, हा नेम मंदिराच्या वहीत जितका खरा, तितकाच संस्थेच्या खातेवहीतही खरा आहे.

कॉर्पसचा मोह

पुनर्विकासाच्या करारात विकासकाकडून कॉर्पसची रक्कम ठरलेली असते. ती घराघरांत वाटून घ्यावी की संस्थेच्या नावे ठेवावी, यावर सभा तापतात. हाती आलेली रक्कम फर्निचरात, लग्नकार्यात किंवा जुने देणे फेडण्यात सहज जिरते. तिचा हेतू मात्र वाढलेल्या मेंटेनन्सला हातभार लागावा हाच असतो.

प्रत्येक सदनिकेमागे तीन लाख रुपये संस्थेकडे ठेवले आणि सात टक्के व्याज मिळाले असे मानू. कर न धरता वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये होतात. वरच्या उदाहरणातील दोन्ही निधींचा हप्ता त्यातून भागतो. मूळ रहिवाशाला वाढत्या बिलात हा मोठाच आधार आहे.

तथापि एक सावधगिरी हवी. महागाई दरसाल सहा टक्के धरली तर खर्च सुमारे बारा वर्षांत दुप्पट होतो. कॉर्पसचे व्याज मात्र तेवढेच राहते. सारे व्याज दरवर्षी खर्चून टाकले तर बारा वर्षांनी त्याची किंमत निम्मी उरेल. म्हणून व्याजाचा काही भाग मुद्दलात परत टाकण्याचा ठराव पहिल्याच सभेत करून घ्यावा. पैसा कोठे ठेवावा यालाही कायद्याचे बंधन आहे. अधिनियमाच्या कलम ७० मध्ये मान्य केलेल्या जागीच संस्थेचा निधी गुंतवता येतो. जास्त व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या ओळखीच्या पेढीत तो ठेवता येत नाही.

गळती आणि तडे

कोकणपट्टीतील पाऊस काँक्रीटची परीक्षा पाहतो. भेगेतून पाणी आत शिरते, आतील सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि प्लास्टरचा पोपडा सुटतो. दिसतो तो पोपडा. रोग आत असतो. नुसता रंग मारून तो झाकतो, बरा होत नाही.

खर्च कोणी करावयाचा यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट येते. उपविधी येथेही स्पष्ट आहेत. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्यावरील घराचे छत खराब झाले तर दुरुस्ती संस्थेने करावयाची; बाहेरील सामाईक पाइपांची गळतीही संस्थेकडेच. घरातील न्हाणीघर, शौचालय, सिंक यांमुळे होणारी अंतर्गत गळती ही संबंधित सदनिकाधारकाची जबाबदारी. हा नियम सूचनाफलकावर कायमचा लावला तरी निम्मी भांडणे मिटतील.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे उपविधी सांगतात. तीस वर्षे उलटलेल्या इमारतींची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नेही बंधनकारक केले आहे. ही केवळ कागदाची पूर्तता नव्हे. जुलै २०१५ च्या अखेरीस ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळून नऊ जण दगावले, आणि त्यानंतर आठवडाभरातच नौपाड्यात दुसरी कोसळून बारा जणांचे प्राण गेले. ऐन पावसाळ्याचे ते दिवस होते. ऑडिटचा अहवाल ‘महाग पडेल’ म्हणून कपाटात ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही दोन नावे आठवावीत.

थकबाकी आणि माणुसकी

थकबाकीदार दोन प्रकारचे असतात: देऊ न शकणारे आणि देऊ न इच्छिणारे. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते. नोकरी गेली, घरात आजारपण आले, तर हप्ते बांधून देण्याचा निर्णय कार्यकारिणीने घ्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. अशा कुटुंबाचे नाव फलकावर झळकवून त्याची मानहानी करू नये. ऐपत असूनही जो टाळतो, त्याच्यासाठी कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, आणि त्यातही निबंधकाकडून वसुली दाखला मिळवण्याची सोय आहे. थकबाकीवर सर्वसाधारण सभेने ठरविलेल्या दराने साधे व्याजच घेता येते, चक्रवाढ नव्हे. एखाद्याचे पाणी तोडणे हा तर उपायच नव्हे.

सभासदाच्याही बाजूने हक्क आहेत. हिशेबपत्रके, इतिवृत्त आणि स्वतःच्या खात्याचा उतारा पाहण्याचा अधिकार त्याला आहे. तो मागणाऱ्याला ‘संशयी’ ठरवू नये. विनामोबदला काम करणाऱ्या सेक्रेटरी-खजिनदारांचे खरे संरक्षण उघड्या हिशेबातच असते.

सभेस जाऊ या

गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत उभी राहिली. आपल्याकडील सहकारी घरबांधणीचा तो आरंभ. मध्यमवर्गीय माणसे एकत्र आली तर शहरात हक्काचे छप्पर मिळवू शकतात, हे तिने दाखवून दिले. छप्पर मिळाल्यावर ते टिकवण्यासाठीही तेवढेच एकत्र यावे लागते.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावयास हवी. चौदा दिवस आधी नोटीस येते. ती फ्रिजवर चिकटवून विसरू नये. सोबतचा ताळेबंद वाचावा आणि सभेत चार प्रश्न शांतपणे विचारावेत. दोन्ही निधी उपविधींच्या दराने जमा होतात का? त्यांच्या ठेवी कोठे आणि कधीपर्यंत आहेत? शेवटचे स्ट्रक्चरल ऑडिट कधी झाले आणि त्यातील कोणती कामे उरली आहेत? मागील वर्षी लेखापरीक्षकाने काढलेल्या त्रुटी दूर झाल्या का?

या चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली, तर मेंटेनन्सचे बिल दोनशे रुपयांनी वाढले म्हणून मन खट्टू होऊ देऊ नये. ते दोनशे रुपये इमारतीच्या देण्यातले आहेत, आणि आज भरले तर नातवंडांना व्याजासह फेडावे लागणार नाहीत.