मोटारगाडीतील ध्वनियंत्रणेचे भूसंपर्कन

मोटारगाडीतील रेडिओ, ध्वनिमुद्रिते वाजविणारे साधन व विवर्धक (संदेशाचे बल वाढविणारे साधन) यांची ऋण अग्रे गाडीच्या धातूच्या सांगाड्यास जोडण्याच्या क्रियेस भूसंपर्कन म्हणतात. यातील ‘भू’ हा शब्द केवळ रूढीने आलेला आहे. रबरी धावांमुळे गाडी जमिनीपासून विद्युत् दृष्ट्या अलग असते. सांगाडा हा विद्युत् घटमालेकडे परतणाऱ्या प्रवाहाचा मार्ग असतो. दिवे, भोंगा, पंखे, काच पुसणारी मोटर व ध्वनियंत्रणा या सर्वांचा प्रवाह याच सामाईक मार्गाने परततो. ध्वनिक्षेपकातून येणारी शिट्टी, गुणगुण व तडतड यांचे मूळ पुष्कळदा या मार्गातच असते. त्यामुळे महागडे नवे उपकरण बसवूनही गोंगाट तसाच राहिल्याचे आढळते.

शिकागो येथील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटारगाडीचा रेडिओ विक्रीस आणला, तेव्हा एंजिनातील ठिणग्यांमुळे होणारा व्यत्यय दाबणे ही त्यातील एक मोठी अडचण होती. महाराष्ट्रात आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांचे मध्यम तरंगांवरील कार्यक्रम पेट्रोल-एंजिनाच्या गाडीत ऐकताना हाच व्यत्यय तडतडीच्या रूपाने ऐकू येई.

गोंगाटाचे प्रकार : आवाजाच्या स्वरूपावरून त्याचे उगमस्थान ओळखता येते. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव पेट्रोल-एंजिनात दर फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ३,००० फेरे असता सेकंदाला १०० ठिणग्या पडतात व त्यांची तडतड ऐकू येते. एंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ही प्रत्यावर्तकाची (प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणाऱ्या जनित्राची) खूण होय. त्याचा त्रिकला प्रवाह एकदिश केल्यावरही त्यात स्पंद उरतात. १२ ध्रुवांच्या प्रत्यावर्तकात एका फेऱ्यात असे ३६ स्पंद येतात. तो मिनिटाला २,००० फेरे करीत असता स्पंदांची कंप्रता १,२०० हर्ट्झ होते. ही कंप्रता मानवी कानास स्पष्ट ऐकू येणारी आहे. एंजिन बंद असतानाही राहणारी गुणगुण मात्र या दोन्ही कारणांनी होत नाही.

गोंगाट शिरण्याची रीत : सांगाड्यावरील गंज, रंगाचा थर किंवा सैल बोल्ट यांमुळे भूसंपर्काच्या जोडात ०·०५ ओहम इतका अल्प रोध आला, तरी १० अँपिअर प्रवाहास तेथे ०·५ व्होल्टचा फरक पडतो. संदेशवाहक तारेतील संदेश काही दशांश व्होल्टपासून सु. २ व्होल्टपर्यंतच असतो. प्रवाह सतत बदलत असल्याने हा फरकही बदलत राहतो व संदेशात मिसळून विवर्धित होतो. रेडिओ पुढील भागात व विवर्धक मागील भागात वेगवेगळ्या ठिकाणी सांगाड्यास जोडलेले असतील, तर संदेशवाहक तारेचे जाळीदार वेष्टन व सांगाडा मिळून बंद वेढा तयार होतो आणि वेष्टनातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. भ्रमणध्वनी गाडीतच भारित करीत असता तो तारेने ध्वनियंत्रणेस जोडल्यास ऐकू येणारी शिट्टी याच प्रकारची असते. दोहोंपैकी एक तार काढताच ती थांबते.

उपाय : काम सुरू करण्यापूर्वी घटमालेच्या ऋण अग्राची तार सोडवितात. सांगाड्याच्या जाड पत्र्यावरील रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून तारेचे कडे दातेरी चकतीसह बोल्टने घट्ट आवळतात आणि जोडावर गंजरोधक ग्रीज लावतात. भूसंपर्काची तार धन तारेइतकीच जाड व शक्य तितकी आखूड (सु. ४५ सेंमी. पेक्षा कमी) ठेवतात. सर्व ध्वनिसाधने एकाच बिंदूशी जोडणे इष्ट असते. धन तार व संदेशवाहक तार गाडीच्या दोन विरुद्ध बाजूंनी नेतात. आसनपट्ट्याचा बोल्ट व इंधन-टाकीचा परिसर भूसंपर्कासाठी वर्ज्य समजतात. घटमाला, एंजिन व सांगाडा यांमधील मूळ पट्ट्याही तपासणे आवश्यक असते.

परीक्षेसाठी ध्वनियंत्रणा मोठ्या आवाजात चालू ठेवून विवर्धकाचे ऋण अग्र व घटमालेचे ऋण अग्र यांमधील दाब मोजतात. तो सु. ०·१ व्होल्टपेक्षा अधिक भरल्यास जोड सदोष समजतात. संदेशवाहक तारा काढल्यावर गोंगाट थांबला, तर तो त्या तारांवाटे येत असतो. गाळक किंवा विलगक रोहित्र यांचा उपयोग भूसंपर्क सुधारल्यानंतरच करणे योग्य ठरते. एरवी दोष झाकला जातो, पण नाहीसा होत नाही.

पुणे–मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर (ता. कोरेगाव, जि. सातारा) व कृष्णाकाठच्या इतर भागांत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवरही विवर्धक बसविलेले आढळतात. डीझेल एंजिनात ठिणगी नसल्याने तेथे शिट्टी आली, तर संशय प्रथम प्रत्यावर्तक व भूसंपर्क यांवर घ्यावा लागतो. ट्रॉलीचा सांगाडा ट्रॅक्टरला केवळ जोडखिळीने अडकविलेला असतो. धूळ, चिखल व हादरे यांमुळे तेथील धातूंचा स्पर्श सतत तुटतो. म्हणून ट्रॉलीवरील साधनास घटमालेपर्यंत स्वतंत्र परतीची तार द्यावी लागते. सैल जोड गोंगाट तर करतोच, शिवाय तापतोही आणि वाळलेल्या पाचटाच्या सान्निध्यात तो आगीस कारण होऊ शकतो. यास्तव घटमालेच्या धन अग्राजवळ योग्य क्षमतेचा वितळतार-रक्षक बसविणे आवश्यक आहे. मात्र भूसंपर्काच्या सैल जोडात निर्माण होणारी उष्णता या रक्षकाने थांबत नाही. त्यासाठी जोड वेळोवेळी, विशेषतः पावसाळ्यानंतर, स्वच्छ करून पुन्हा आवळणे हाच उपाय होय.