शंकू आणि साखळी

सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात जे आकडे आपण वाचतो, ते मूळचे त्रिकोणांचे व समलंब चौकोनांचे गुणाकार होत, हे शाळेत भूमिती शिकलेल्या माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही. ओढ्याच्या काठाने आणि भावाभावांच्या वाटण्यांनी घडलेले शेत क्वचितच नीट चौकोनी असते. त्या वेड्यावाकड्या तुकड्याला हिशेबात बसविण्याचे काम मुंबई इलाख्यात ज्या दोन साध्या साधनांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, ती म्हणजे शंकू आणि साखळी.

शिवकाळी ५ हात ५ मुठींची काठी होती. २० चौरस काठ्यांचा एक पांड व २० पांडांचा बिघा होई. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी जमाबंदी केली, तिच्यातून वाढलेल्या मोजणीच्या शिरस्त्यात साखळी ठरली ३३ फुटांची, म्हणजे इंग्लंडातील गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. तिचे भाग मात्र १६ पाडले आणि प्रत्येकाला आणा म्हटले, कारण रुपयाचे आणे तोंडी मोजणाऱ्या रयतेला व कारकुनाला तोच हिशेब अंगवळणी पडलेला होता. साखळीभर लांब व साखळीभर रुंद चौरस तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर.

शंकू म्हणजे दांड्यावर बसविलेले, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन चिरा असलेले डोके. शेताच्या दोन दूरच्या कोपऱ्यांवर झेंडे रोवून मधून आधाररेषा धरायची. एका चिरेतून दोन्ही टोकांचे झेंडे दिसत असतानाच दुसरीतून बाजूचा कोपरा नजरेस येईल, अशा जागेपर्यंत मोजणीदार त्या रेषेवर मागेपुढे सरकत राहतो. ती जागा सापडली, की लंबाचा पाया सापडला.

समजा, आधाररेषा १२ साखळ्यांची असून ४ साखळ्यांवर ३ साखळ्यांचा आणि ९ साखळ्यांवर ५ साखळ्यांचा लंब एकाच बाजूस निघाला. पहिला त्रिकोण ६ गुंठ्यांचा. मधला समलंब चौकोन, दोन्ही लंबांची सरासरी ४ व मधले अंतर ५, म्हणून २० गुंठ्यांचा. शेवटचा त्रिकोण साडेसात गुंठ्यांचा. एकूण ३३ गुंठे ८ आणे. साखळीला साखळीने गुणले की उत्तर थेट गुंठ्यांतच येते, ही या मापाची खरी थोरवी मी मानतो; असे सोईचे माप बसविणाऱ्याच्या बुद्धीला दाद दिल्यावाचून राहवत नाही.

अर्थात साधन नाजूक होते. वापराने कड्या ताणल्या जाऊन साखळी शंभरात एकाने वाढली, तर क्षेत्र शंभरात सुमारे दोनांनी कमी भरे, आणि तो तोटा खातेदाराच्या नावे लागे. म्हणूनच ती वेळोवेळी प्रमाण लांबीशी ताडून पाहणे आवश्यक असे. उतारावर साखळी जमिनीलगत न सोडता टप्प्याटप्प्याने आडवी ताणून धरावी लागे, कारण दप्तरी क्षेत्र हे सपाटीचे क्षेत्र असते.

या मोजणीचे टिपण प्रमाणात काढलेले नसते. आकृती हातानेच रेखाटलेली, पण आधाररेषेवरची अंतरे आणि प्रत्येक लंबाची लांबी साखळ्या-आण्यांत तिच्यावर लिहिलेली. त्यामुळे आता क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जात असले आणि मोजणी विद्युत्‌-यंत्रांनी होत असली, तरी बांध कोरल्याच्या तक्रारीत भूमि अभिलेखाच्या दप्तरातून ते टिपण काढले जाते, आणि आधाररेषेची दोन टोके जागेवर पटली, तर हरवलेल्या दगडाची जागा त्या आकड्यांवरून पुन्हा आखता येते.