भावोजी, वहिनी आणि पडद्याबाहेरचा विणकर

गाणी, थट्टामस्करी आणि घरातलं नाट्य यांचा मेळ मराठी दूरचित्रवाणीवर सर्वांत चांगला कुठे जमला, असं कुणी विचारलं तर मी कौटुंबिक मालिकांकडे वळणार नाही. माझं उत्तर ‘होम मिनिस्टर’ हे आहे. २००४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम २०२२ पर्यंत चालला, पण त्याच्याकडे नाट्य म्हणून फारसं कुणी पाहिलं नाही. आम्हा येवलेकरांना ते टाळता येत नाही, कारण ज्या पैठणीसाठी हा खेळ मांडला जायचा, तिच्यावर आमच्या गावाची चूल पेटते.

पहिलं पात्र भावोजींचं. सूत्रसंचालक आदेश बांदेकर स्पर्धक वहिनीच्या घरात शिरायचे ते धाकट्या दिराच्या नात्यानं, आणि सारी गंमत त्या नात्यात आहे. सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर सुनेनं आवाज खाली ठेवायचा, पण धाकट्या दिराची थट्टा तिला चालते, ही आपल्या घरांची जुनी रीत. तिच्या आधारानं एरवी चार माणसांत न बोलणारी वहिनी गाणं म्हणायची, लांबलचक उखाणा घ्यायची, नवऱ्याची फजिती सांगायची. नवरा फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखा गोंधळायचा. मी मात्र सासूकडे पाहत असे. सुनेच्या एखाद्या उत्तरावर ती हसते की पदर सावरते, यावरून त्या घराची कथा कळायची.

या खेळाचं मूळ मंगळागौरीत आणि भोंडल्यात आहे. सासरच्या माणसांची गाऱ्हाणी गाण्यांत गुंफून फेर धरायचा, फुगडी-झिम्म्यात दमेपर्यंत हसायचं, हे बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलं. तिथे पुरुष नसायचा. दूरचित्रवाणीनं तोच मोकळेपणा घरातल्या पुरुषांसमोर आणला, हे या कार्यक्रमाचं मोठं काम. त्याची उणीवही तिथेच आहे. वहिनी आजारपण, कर्ज, माहेरचा दुरावा सांगू लागली की डोळे भरायचे आणि लगेच पुढचा खेळ सुरू व्हायचा. कारभार तिचा असलेल्या त्या घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का, हा प्रश्न तिथे येत नसे.

२०२२ मध्ये याच कार्यक्रमाचं ‘महामिनिस्टर’ हे पर्व आलं आणि बक्षिसाची पैठणी ११ लाखांची झाली. ती येवल्यातच विणली गेली, याचा गावाला अभिमान वाटला. तरीही किमतीचा आकडा मोठा झाला की वहिनी लहान दिसते, असं माझं मत आहे. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या शंतनू रोडे यांच्या ‘गोष्ट एका पैठणीची’ या चित्रपटानं साध्या घरातल्या इंद्रायणीची पैठणीची आस जास्त नेमकी पकडली. शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ कवितेत तर पैठणीच्या किमतीपेक्षा ती नेसलेल्या आजीची आठवण मोठी आहे.

या सगळ्यांत विणकराला मध्यवर्ती जागा कुठेच मिळाली नाही. येवल्यात माग घरातच असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, आणि मोर, मुनिया किंवा आसावली काढताना रंगागणिक वेगळी तिल्ली बोटांनी फिरवतो. दाट पदराला महिनोन् महिने लागतात. ताणा जोडणं, कांड्या भरणं ही कामं बहुधा घरातल्या बायका करतात. म्हणजे पैठणी जिंकणाऱ्या वहिनीमागे पैठणी घडवणारी एक वहिनी आहे, आणि तिच्या दारात भावोजी पोचायला हवे होते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरचा स्वस्त माल तिच्याच नावानं विकला जातो.

वाहिन्यांना माझी विनंती एवढीच की पुढे कुठल्याही कार्यक्रमात पैठणी दिलीत, तर ती विणणाऱ्याचं नाव पडद्यावर लिहा. आणि वाचकहो, येवल्यात खरेदीला आलात तर पदर उलटून पाहा. हातमागाच्या अस्सल पैठणीचं नक्षीकाम दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. ते पाहून झालं की विणणाऱ्याचं नावही विचारा.