रातांब्याचें आगळ : पावसाआधींचे पंधरा दिवस

कोंकणांत आंब्याचा हिशेब ठेवणारीं घरें पुष्कळ आहेत, काजूचाहि ठेवतात, परंतु रातांब्याचा हिशेब ठेवणारें घर क्वचितच आढळतें. याचें कारण उघड आहे. रातांब्याचें झाड बहुधा कोणी मुद्दाम लाविलेलें नसतें, त्यास कोणी पाणी घातलेलें नसतें, खताची तर गोष्टच नको. वईच्या कडेला, पोफळींच्या सावलींत किंवा वहाळाच्या काठीं तें आपलें आपण वाढतें आणि सात-आठ वर्षांनीं एके उन्हाळ्यांत तांबड्या फळांनीं लहडून जातें. जें फुकट आलें त्याचें गेलेलें मनुष्यास दिसत नाहीं. म्हणूनच मृगाचा पहिला पाऊस झाला कीं झाडाखालीं फळांचा जो खच पडतो व चार दिवसांत कुजून जातो, त्याकडे पाहून हळहळणारा बागाइतदार विरळा. तो खच होण्यापूर्वींच फळ घरांत कसें आणावें व त्याचा रस वर्षभर कसा टिकवावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

रातांबा, कोकम, भिरंड हीं एकाच फळाचीं नांवें. झाड थंडीच्या दिवसांत फुलतें, फळें एप्रिलमध्यें पिकूं लागतात व हंगाम जूनपर्यंत चालतो. सर्व अडचण या शेवटच्या महिन्याची आहे. दक्षिण कोंकणांत मोसमी पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत येतो. वळवाच्या सरी तर त्याच्याहि आधीं येऊन जातात. जीं झाडें उशिरा पिकतात त्यांचें बरेचसें पीक नेमकें ढगाखालीं सांपडतें, आणि आपल्या घरोघरच्या रीतीप्रमाणें रातांब्याचें आमसूल करावयाचें तर त्यास ऊन पाहिजे.

आमसूल कसें करतात हें कोंकणी वाचकांस सांगावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत लिहितों. फळ कापून आंतील गर व बिया वेगळ्या काढतात, गराच्या रसांत मीठ घालतात, साली त्यांत भिजवून उन्हांत पसरतात. वाळल्या कीं पुन्हा भिजवून पुन्हा वाळवितात. अशीं चार-सहा पुटें बसलीं म्हणजे साल काळसर, लवचिक व चवीला खणखणीत होते. या कामास एक आठवड्याचें कडक ऊन सलग मिळालें पाहिजे. मध्येंच दोन दिवस आभाळ भरून आलें, तर अर्धी वाळलेली साल घरांत आणून ठेवणें म्हणजे बुरशीस आवतण देणें होय. मे महिन्याच्या अखेरीस शहाणी गृहिणी आभाळाकडे पाहते आणि सालींचा हारा तसाच गोठ्यामागें ओतून देते. तिचें चुकत नाहीं. आमसुलाच्या दृष्टीनें तें पीक खरोखरच गेलेलें असतें.

आगळाच्या दृष्टीनें मात्र तें गेलेलें नसतें. आगळास ऊन लागत नाहीं. तेथें उन्हाचें काम मीठ करतें. सालीस मीठ लागलें कीं सालींतील पाणी बाहेर ओढलें जातें आणि त्या पाण्याबरोबर आंबटपणा व रंग हेहि उतरतात. हा रस मुळांतच इतका तीव्र आंबट असतो कीं सामान्य कुजविणारे जंतु त्यांत वाढत नाहींत. जे थोडे तग धरतात, म्हणजे बुरशी व आंबविणारें किण्व, त्यांचा बंदोबस्त मिठानें होतो. म्हणून नीट केलेलें आगळ न उकळतां व बाहेरचें कोणतेंहि औषध न घालतां वर्षभर राहतें.

आजवर आमच्याकडे आगळ म्हणजे आमसुलाचें काम आटोपल्यावर उरलेला रस, अशीच समजूत आहे. तो रस गराचा असतो, सालीचा नव्हे. आणि रंग तर सर्व सालींत. त्यामुळें तें आगळ फिकें व पातळ होतें आणि मग लोक म्हणतात कीं आगळास गिऱ्हाईक नाहीं. माझें मत असें आहे कीं रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे साधारण २५ मेपर्यंत, खुशाल आमसूल करावें. त्यानंतर उतरलेलें एकहि फळ वाळवणावर घालूं नये, सालीसकट सर्व बरणींत जावें. मग आठवडाभर आभाळाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं.

आतां काढणीविषयीं. फळ नुसतें तांबूस झालें म्हणून तोडूं नये. गर्द तांबड्यावरून जांभळ्याकडे वळलेलें व बोटानें दाबल्यास किंचित् नरम लागणारें फळ आगळास उत्तम. कच्च्या फळांत आंबटपणा असतो पण रंग उतरत नाहीं. झाड उंच व निमुळतें, फांद्या बारीक. त्यामुळें शेंड्याकडे माणूस चढविण्याचा मोह धरूं नये. लांब बांबूस झेला बांधून जेवढें हातीं येईल तेवढें काढावें, आणि उरलेल्यासाठीं झाडाखालीं जुनी धोतरें, सतरंज्या किंवा जाळें अंथरून फांद्या आकडीनें हलकेच हालवाव्या. उघड्या मातीवर पडलेलें फळ फुटतें, फुटलेल्यास मुंग्या लागतात, आणि तें एक फळ बरणीभर रस नासवूं शकतें. फुटकें, किडकें व माती शिरलेलें फळ वेगळें करण्यांत कंजुषपणा करूं नये. एकदां पाऊस लागलेलीं फळें लगेच कापूं नयेत. पडवींत पातळ पसरून अंगचें पाणी सुकूं द्यावें. परंतु तोडल्यापासून दुसऱ्या दिवसापलीकडे हीं फळें ठेवण्याजोगीं नाहींत.

भांड्यांची निवड ही गोष्ट पुष्कळजण किरकोळ समजतात व तेथेंच फसतात. या रसापुढें तांबें, पितळ, लोखंड, ॲल्युमिनिअम यांपैकीं कांहीं टिकत नाहीं. कल्हई केलेलें पातेलेंहि नको. कल्हई कोठें तरी उडालेली असतेच. चिनी मातीची बरणी, कांच, किंवा खाद्यपदार्थांसाठीं म्हणून मिळणारा प्लास्टिकचा पिंप घ्यावा. बरणीची झिलई आंतून उडाली असेल तर ती लोणच्यासहि घेऊं नये. विळीचें लोखंडी पातें रसानें काळें पडतें, म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची सुरी बरी. हातावर चीर असेल तर कापण्याचें काम दुसऱ्यास द्यावें. रस असा कांहीं झोंबतो कीं दुसऱ्यांदा सांगावें लागत नाहीं.

फळें स्वच्छ पाण्यानें एकदां धुऊन फडक्यानें कोरडीं पुसावीं. कापून बिया व गर एका पातेल्यांत काढावा, साल दुसऱ्यांत. साल साधारणपणें फळाच्या वजनाच्या निम्मी भरते. गर हातानें कुसकरून पातळ कापडांतून रस गाळावा आणि तो सालींवर ओतावा. साल व रस मिळून जें वजन होईल त्याच्या दर किलोस १५० ते २०० ग्रॅम जाडें, स्वच्छ, कोरडें मीठ घ्यावें. हंगामाच्या आरंभींच्या घट्ट फळांस १५० ग्रॅम पुरतें. पावसाचें पाणी प्यालेल्या फळांस २०० ग्रॅमपेक्षां कमी घालणें म्हणजे पुढें सर्वच घालविणें. येथें अंदाज चालत नाहीं, तराजू पाहिजे. मूठभर मीठ वांचविण्याच्या नादांत आंबलेलें आगळ मीं अनेक घरीं पाहिलें आहे.

बरणींत सालींचा एक थर, वर मीठ, पुन्हा साल, अशी भरून तोंडास कोरड्या कापडाचा दादरा बांधावा व बरणी सावलींत ठेवावी. सकाळ-संध्याकाळ लांकडी डावानें तळापासून ढवळावें, म्हणजे मीठ खालीं बसून राहत नाहीं व वरच्या साली कोरड्या पडत नाहींत. दुसऱ्याच दिवशीं रस वर येऊं लागतो. सात-आठ दिवसांत साली मलूल होऊन खालीं बसतात, रस रक्तासारखा गडद होतो. तेव्हां कापडांतून गाळावा, पण पिळूं नये. आपोआप निथळलेला रस निवळ होतो व तोच साठवणीचा. पिळून निघालेला गढूळ रस घरांत लगेच वापरावा. निवळ रस एक रात्र तसाच ठेवून वरचा अलगद ओतून घ्यावा. बाटल्या उकळत्या पाण्यांत घालून काढलेल्या व पूर्ण सुकलेल्या असाव्या. रस गळ्यापर्यंत भरावा, म्हणजे आंत हवा थोडी राहते. उजेड व उष्णता यांनीं रंग करपतो, म्हणून जागा अंधारी व थंड पाहावी. पुढें कधीं पृष्ठभागावर बुरशीची साय दिसली तर ती वरवर काढून खालचें वापरण्याची काटकसर करूं नये; ती बाटली टाकून द्यावी.

निथळलेल्या सालीहि वायां जात नाहींत. माशांच्या कालवणास किंवा आमटीस त्या चालतात. मीठ मात्र मग वेगळें घालावयाचें नाहीं. सोलकढीचेंहि तसेंच. जेथें वैद्यानें मीठ तोडलें आहे तेथें आगळ न देतां अमृतकोकम द्यावें. त्याची कृति निराळी : सालीच्या दुप्पट साखर घेऊन तशाच थरांनीं बरणी भरावी, साखर पुरी विरघळेपर्यंत रोज ढवळावें, आठवड्यानें गाळून थोडी जिऱ्याची पूड घालावी व पितांना पांचपट पाणी मिसळावें. हिच्यांत साखर कमी पडली तर पाक आंबून बूच उडतें. खर्च आगळापेक्षां पुष्कळ अधिक. म्हणून घरापुरतें व पाहुण्यांपुरतें करावें.

विक्रीचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखालीं लहान उत्पादकासहि नोंदणी करावी लागते. दुसरें, सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील कोकमास २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, तरी बाजारांत लाल रंगाचें आंबट पाणी त्याच नांवानें विकलें जातेंच. खऱ्या आगळाच्या पातळ पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. फळाचा रंग लगेच पालटूं लागतो. घातलेला कृत्रिम रंग बहुधा तसाच लाल राहतो. ही परीक्षा गिऱ्हाइकाच्या समोर करून दाखविण्यास हरकत नाहीं.

बिया धुऊन, उघाडीचें ऊन मिळेल तेव्हां वाळवून ठेवाव्या. त्यांत वजनाच्या सुमारें पावपट चरबी असते. पावसाळा संपल्यावर सवडीनें कुटून पाण्यांत उकळल्या कीं ती वर येते व थंड होतांच थिजते. हेंच मुठेल, थंडींत भेगाळलेल्या टांचांस याच्यासारखें दुसरें कांहीं नाहीं.

राहतां राहिलें झाड. रातांब्यांत नर व मादी झाडें वेगळीं असतात, आणि बियांपासून झालेल्या रोपांत सुमारें निम्मीं नर निघतात; तीं ओळखूं येईपर्यंत सात-आठ वर्षें जातात. म्हणून यापुढें लावावयाचें तर मादी झाडाचें कलमच लावावें, दहा झाडांमागें एक नर पुरे. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें १९९७ सालीं ‘कोंकण अमृता’ ही निवडक जात प्रसृत केली. तिचीं कलमें मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास आपल्याच परसांत पाहावें. जें झाड मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत पिकतें, ज्याची साल जाड आहे व फळ मोठें आहे, त्याच्या काड्या कलमासाठीं घ्याव्या. असें झाड या हंगामांतच हेरून ठेवावें. खुणेसाठीं बुंध्यास चुन्याचा पट्टा ओढण्याची रीत आहे, पण तो श्रावणापर्यंत धुऊन जातो. पत्र्याचा तुकडा सैल दोरीनें बांधावा.