गवताखालचं कडं

शिकागोपासून मोटारीने तासाभरावर बटाविया नावाचं गाव आहे. त्याच्या शिवेवर ६,८०० एकरांच्या एका आवारात दर वसंतात बायसनच्या माद्या वितात. नवं वासरू दालचिनीच्या रंगाचं असतं. थरथरत्या पायांवर ते उभं राहू पाहतं, कोलमडतं, पुन्हा उठतं. तासाभरात ते आईच्या कासेला लागलेलं असतं आणि आई कुंपणापलीकडच्या माणसांवरची नजर हलवत नाही. आपल्या दाजीपूरच्या गव्याशी बायसनचं नातं आहे, पण सख्खं नव्हे. गवा बैलाच्या कुळातला, तर बायसन वेगळ्या घराण्यातला. पोक्त वळू ९०० किलोपर्यंत भरतो आणि एवढं वजन घेऊन घोड्याच्या बरोबरीने पळतो.

हे आवार गुरांच्या फार्मचं नाही. फर्मी राष्ट्रीय प्रवेगक प्रयोगशाळा म्हणजेच फर्मीलॅब ती हीच. प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते क्वार्क निसर्गात सहा प्रकारचे आहेत, त्यांपैकी दोन इथे सापडले.

प्रयोगशाळेत गुरं कशाला, याचं उत्तर पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांच्या बालपणात आहे. १९१४ साली वायोमिंगमध्ये जन्मलेला हा माणूस गुरांच्या रानात वाढला. लोहारकाम शिकला, पुढे शिल्पं घडवू लागला. तरुणपणी लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलं आणि युद्ध संपताच शस्त्रांच्या कामाकडे पाठ फिरवली. १९६७ मध्ये फर्मीलॅबची सूत्रं हाती आली तेव्हा तिथे मक्याची शेतं आणि वेस्टन नावाचं छोटं गाव होतं. शेतकऱ्यांना कसती जमीन सोडावी लागली. विज्ञानाची थोरवी गाताना ही गोष्ट झाकून ठेवू नये. त्यांची लाकडी घरं मात्र पाडली गेली नाहीत. ती उचलून एका जागी आणली, आणि देशोदेशीचे पाहुणे शास्त्रज्ञ आजही त्यांत उतरतात.

१९६९ साली विल्सन यांनी एक वळू आणि चार माद्या आणवल्या. या गवताळ मुलखात पूर्वी बायसनचे कोट्यवधींचे कळप होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीने ते हजाराच्या आत आणले. हरवलेल्या मुलखाची खूण या जागी राहावी, असं विल्सन यांना वाटत होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते कणांना वेग देणाऱ्या प्रवेगक यंत्राच्या खर्चासाठी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले, तेव्हा सिनेटर जॉन पास्टोर यांनी त्यांना खोदून खोदून विचारलं, की या यंत्राचा देशाच्या संरक्षणाला काय उपयोग? विल्सन यांनी सांगितलं, की संरक्षणाशी त्याचा थेट संबंध नाही. देश राखण्याजोगा व्हावा यासाठी मात्र त्याचा हातभार लागेल. पैसे मागायला गेलेल्या माणसाने इतकं सरळ बोलणं मला फार मोठं वाटतं.

आता यंत्राकडे वळू. ६.३ किलोमीटर घेराचं एक कडं जमिनीखाली पुरलेलं आहे. त्याच्या नळीत प्रोटॉन फिरवायचे, तर नळीत कसपटही चालत नाही. बांधकामात आत धातूचा कीस राहिला आणि तो काढणार कसा, हा पेच पडला. १९७१ साली त्यासाठी फेलिशिया नावाची फेरेट आणली. मुंगसासारखा लांबट अंगाचा, बिळात शिरण्याची खोड असलेला हा प्राणी. तिच्या गळपट्ट्याला दोरी बांधायची, तिने नळीतून पार व्हायचं आणि मग त्या दोरीने साफसफाईचा बोळा ओढून घ्यायचा. मुख्य कड्याच्या लांबलचक अंधारात शिरायला तिने साफ नकार दिला. शाखेच्या आखूड नळ्या तिने इमानाने साफ करून दिल्या. मोठ्या कड्यासाठी पुढे अभियंत्यांनी हवेच्या दाबावर धावणारं चुंबकी साधन केलं. मार्च १९७२ मध्ये यंत्राने ठरलेली ऊर्जा गाठली.

शोधायचं काय होतं? प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क असतात आणि त्यांना ग्लुऑन बांधून ठेवतात. या बांधणीची रीत जगावेगळी आहे. चुंबकाचे दोन तुकडे लांब नेले की ओढ कमी होते. क्वार्क लांब नेले तरी ओढ सैल पडत नाही. आणखी ताणलं तर त्या ताणातल्या ऊर्जेतूनच नवे क्वार्क जन्मतात आणि जुन्यांना बिलगतात. म्हणून सुटा क्वार्क कुणाच्या हाती लागत नाही, यंत्रात दिसतात ते त्याच्या वाटेवर उसळलेले कणांचे झोत. ग्लुऑनचा पुरावाही असाच मिळाला: १९७९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला दोनऐवजी तीन झोत उसळताना दिसले. प्रोटॉनच्या वजनात तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा शेकडा एकच्या आसपास आहे. बाकीचं वजन त्या बांधणीच्या ऊर्जेचं. म्हणजे तुमचं-माझं वजन आणि त्या वळूचे ९०० किलो हे जवळजवळ सगळं ग्लुऑनच्या घट्ट मिठीचं आहे. हे कळल्यापासून मला जनावराकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

१९७७ मध्ये लिऑन लेडरमन यांच्या गटाला इथे बॉटम क्वार्कचा माग लागला. त्याचा जोडीदार टॉप हाती यायला मात्र आणखी अठरा वर्षं गेली. त्यासाठी १९८३ मध्ये अतिवाहक चुंबकांचं नवं कडं सुरू झालं, टेव्हाट्रॉन. द्रवरूप हेलियमने ते चुंबक उणे २६८ अंशांच्याही खाली राखावे लागत. एका दिशेने प्रोटॉन, उलट दिशेने त्यांची प्रतिरूपं म्हणजे प्रतिप्रोटॉन धावायचे आणि एकमेकांवर आदळायचे. हे प्रतिप्रोटॉन म्हणजे खरी चिकाटीची परीक्षा. दहा लाख प्रोटॉन आपटले तर जेमतेम वीसएक पदरात पडायचे. तासन् तास ते थेंबाथेंबाने साठवायचे आणि एखादा बिघाड झाला की साठा क्षणात गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुधाच्या धंद्यातला माणूस हे दुःख लगेच ओळखेल.

२ मार्च १९९५ रोजी सीडीएफ आणि डी-झीरो या दोन गटांनी टॉप क्वार्क सापडल्याचं जाहीर केलं. त्याचं वस्तुमान जवळपास सोन्याच्या अख्ख्या अणूएवढं. आयुष्य इतकं अल्प, की ग्लुऑनच्या बंधनात अडकण्याआधीच तो विरून जातो. डी-झीरोच्या गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

इकडे कळपाचं काम वेगळं आणि तितकंच कडक. हिवाळ्यात वैरण, शरदात जनावरं वाड्यात घेऊन एकेक खोड्यात घालायचं, लसी टोचायच्या, कानातला बिल्ला तपासायचा. एकाच रक्तात वीण होऊ नये म्हणून काही वर्षांनी वळू बदलायचा. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी बायसनांच्या रक्तात पाळीव गाईचा अंश मिसळला आहे. २०१५ मध्ये इथल्या कळपाची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तसा अंश आढळला नाही. हा कळप किरणोत्सर्गाची चाहूल लागावी म्हणून ठेवला आहे, अशी वावडी तिकडे वर्षानुवर्षं उठते. तिच्यात काही तथ्य नाही. कळपापाठोपाठ गवतही परतलं. १९७५ पासून रॉबर्ट बेट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने कड्याच्या आतल्या जमिनीत मूळचं उंच गवत पुन्हा पेरलं गेलं. रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमींत उरलेल्या गवताचं बी स्वयंसेवकांनी हाताने वेचून आणलं होतं.

टेव्हाट्रॉन ३० सप्टेंबर २०११ रोजी बंद झाला. जिनिव्हाजवळचं नवं प्रवेगक यंत्र त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. आता फर्मीलॅबचा भर न्यूट्रिनो नावाच्या कणांवर आहे आणि त्यासाठीच्या नव्या प्रवेगकात ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र भागीदार आहे. विल्सन २००० साली गेले. त्याच आवारातल्या जुन्या दफनभूमीत, पहिल्यांदा ही जमीन कसायला आलेल्या लोकांच्या शेजारी, त्यांना पुरलं आहे.

नेपरव्हिल, अरोरा भागात आपली मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि अरोराच्या बालाजीला जाणारेही पुष्कळ. तिथवर गेलात तर ओळखपत्र घेऊन थोडं पुढे जा आणि मुलांना तो कळप दाखवा. वसंतात गेलात तर दालचिनी रंगाची वासरं दिसतील.