तूप, तेल आणि क्रमांक ३२२

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. औषध हवे होते खोकल्याचे, पण पिशवीतून निघाले चॉकलेटचे वेष्टन. "डॉक्टरसाहेब, यावर ३२२ लिहिलंय. शेजारीण म्हणते, त्यात अंडं असतं. खरं का हो?" ३२२ म्हणजे लेसिथिन, हे मला ठाऊक होते, आणि लेसिथिन म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, असे कॉलेजात पाठ केलेले. मी म्हणालो, "असू शकतं. देऊ नका." पोर रडकुंडीला आले. माझे उत्तर अर्धेकच्चे होते. ते कसे, हे सांगायचे तर मेदाची घडण उलगडावी लागते. मी होमिओपॅथीचा माणूस. पण मेदाचे रसायन सगळ्या पॅथींना एकच आहे.

पौषातल्या इंदूरच्या थंडीत आपल्या स्वयंपाकघरात डोकावा. तूप थिजलेले, खोबरेल दगड झालेले, सोयाबीनचे तेल मात्र वाहते. तिन्हींचा साचा एकच : ग्लिसरॉलचा तीन कार्बनांचा लहानसा कणा आणि त्याला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. फरक शेपट्यांत आहे. संपृक्त मेदाम्लाची शेपटी सरळ; अशा शेपट्या पुड्यातल्या उदबत्त्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून मेद घट्ट होतो. असंपृक्त मेदाम्लात दुहेरी बंध येतो, तिथे शेपटीला कोपर फुटते आणि रचना विसकटते, तेच तेल. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालून ही कोपरे मोडत. ती सगळी मोडत नसत. काही उलट्या बाजूला वळून सरळ दिसू लागत. हाच ट्रान्स मेद, हृदयाचा खरा वैरी. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे. माझ्या मते हे फार उशिरा झाले.

आता लेसिथिन. तीन शेपट्यांपैकी एक काढा आणि तिच्या जागी फॉस्फेट असलेले, पाण्याची आवड असलेले डोके बसवा. उरलेल्या दोन शेपट्यांना पाणी नकोसे. असा दुतोंडी रेणू पाण्यात पडला की आपोआप दोन थर लावतो : डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत लपलेल्या. गोर्टर आणि ग्रेन्डेल या डच संशोधकांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असे त्यांना आढळले. म्हणजे पेशीभोवतीचे पटल दुहेरी. तुमच्या मेंदूपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत प्रत्येक पेशीची भिंत या जातीच्या मेदाची आहे. चरबी म्हणजे पोटावरचा नको तो भार, एवढेच ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा लेसिथिन ही काही अंड्याची मिरास नव्हे. नाव ग्रीक भाषेतल्या बलकावरून पडले, कारण ते आधी तिथे सापडले. व्यापारातले बरेचसे लेसिथिन सोयाबीनचे असते. कच्च्या सोयातेलात गरम पाणी मिसळले की चिकट गाळ वेगळा होतो. तो म्हणजे लेसिथिन. आणि सोयाबीन तर आपल्या माळव्याच्या काळ्या मातीतले पीक! देशाची सोयाबीन संशोधन संस्था १९८७ पासून इंदुरातच आहे, आणि मी मात्र अंड्याकडे बोट दाखवीत बसलो होतो. वेष्टनावर हिरवा ठिपका असेल तर ते लेसिथिन अंड्याचे नसते, एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

मेदाचे दुसरे काम साठवणीचे. एक ग्रॅम मेद ९ कॅलरी देतो, साखर ४. शिवाय शरीरातील ग्लायकोजेन आपल्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवते, मेद कोरडा राहतो. पर्युषणात आमच्याकडे कित्येकजण निव्वळ पाण्यावर आठ-दहा दिवस काढतात. यकृतातले ग्लायकोजेन दीडएक दिवसात संपते. मग मेद फुटतो : ग्लिसरॉलपासून थोडी साखर बनते, मेदाम्लांवर स्नायू चालतात. मेंदूला मेदाम्ले थेट वापरता येत नाहीत, म्हणून यकृत त्यांचे कीटोन करून धाडते. तिसऱ्या दिवशी तोंडाला येणारा विचित्र वास त्यांचाच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपवास धरू नये. त्यांच्यात हेच कीटोन जिवावर बेततात.

आजी पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा मी चूक कबूल केली आणि नातवाच्या हाती हिरव्या ठिपक्याचे चॉकलेट ठेवले. आजींनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग आपल्या तुपात असतं का हो हे लेसिथिन?" दुधात मेदाचा प्रत्येक थेंब त्याच्याच पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. रवीने घुसळले की पापुद्रा फाटतो, मेद गोळा होऊन लोणी वर येते आणि पापुद्र्याचा बराच भाग खाली उरतो. "तुपात फारसं नाही, आजी," मी म्हणालो. "ते ताकात जातं."