काळ्या मातीखालचे गवत

(लेखांक सातवा)

लोणारच्या सरोवराचे पाणी २०२० सालच्या जून महिन्यात गुलाबी का झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या रंगाचा उगम लवणप्रिय सूक्ष्मजीवांत कसा शोधून काढला, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. आज तितके दूर जाण्याचे प्रयोजन नाही. महागावच्या शिवारात, पूस नदीच्या अलीकडे वा पलीकडे, कोणाच्याही धुऱ्यावर उभे राहून खाली पाहावे. आजचा विषय पायांखालीच आहे. ज्या जमिनीची सरकारी नोंद सातबाऱ्यावर क्षेत्र, आकार, पीक आणि खातेदाराचे नाव एवढ्या मोजक्या रकान्यांत संपते, तिचा पूर्ववृत्तान्त गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी विलक्षण तपशिलाने उलगडला आहे. आणि तो तपशील त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करणाऱ्यांच्या कानी पुरतेपणी जावा, असे मला मनापासून वाटते.

विहीर खणणाऱ्या माणसाला हा वृत्तान्त उलट्या क्रमाने भेटतो. आधी काळी माती, मग पांढुरक्या चुनखडीचे खडे, मग मुरूम, आणि मुरूम संपला की सुरुंगाशिवाय हार न मानणारा काळा पाषाण. या चारही वस्तू मुळात एकच आहेत, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काही कळावयाचे नाही. पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, अर्थात बेसाल्ट. ऊन, पाणी आणि हवा यांनी त्याचा झिजून झालेला भुगा म्हणजे मुरूम. आणि त्या भुग्यातील खनिजे दीर्घकाळ पाण्यात कुजून जी अतिसूक्ष्म चिकणमाती तयार झाली, ती आपली पऱ्हाटीची काळी जमीन होय. झीज होताना सुटलेला चुना पाण्याबरोबर खाली उतरून पुन्हा घट्ट झाला, त्याचे खडे वाटेत सापडतात.

या चिकणमातीचा एक गुण सर्वांच्या परिचयाचा आहे. तिच्या कणांची रचना पापुद्र्यांची असते; पाऊस पडला की पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ती फुगते आणि वैशाखात ते पाणी उडून गेले की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा जागोजागी पडतात. या भेगांकडे आपण सवयीने पाहतो. परंतु लुकास गोहरिंग या भौतिकशास्त्रज्ञाने २०१० साली त्यांच्याकडे प्रयोगशाळेत पाहिले, आणि त्याला जे दिसले ते कोणाही शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहता येईल असे आहे. चिखलाचा थर प्रथमच सुकतो तेव्हा आधी पडलेल्या भेगेला नंतरची भेग बहुधा काटकोनात येऊन मिळते, कारण पहिल्या भेगेने तिच्या आडव्या दिशेचा ताण मोकळा केलेला असतो आणि तिच्याच दिशेने असलेला ताण तेवढा शिल्लक उरतो. परंतु तोच थर पुनःपुन्हा भिजवला आणि वाळवला, तर दर खेपेस भेगांचे सांधे किंचित सरकत जातात आणि अखेरीस तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनांनी, म्हणजे १२० अंशांनी, मिळू लागतात. काटकोनांचे चौकोन जाऊन षट्‌कोनांकडे कल होतो. ज्या जमिनीने असंख्य पावसाळे आणि उन्हाळे भोगले आहेत, तिच्या भेगांत अशा तिहेरी सांध्यांचे प्रमाण मोठे असावे, हे या प्रयोगावरून ओघानेच येते. पुढच्या उन्हाळ्यात वखरणीपूर्वी वाचकांनी ते अवश्य पाहावे.

हेच षट्‌कोन पुढे पाषाणातही भेटतात, आणि तेथे ते मातीतल्यापेक्षा फार नेटके असतात. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, वणी-पांढरकवडा भागातील शिबला-पार्डी येथे २०२१ साली रस्त्याच्या कामासाठी खोदाई चालू असताना एकमेकांस चिकटून उभे असलेले दगडी स्तंभ उघडे पडले, आणि चंद्रपूरचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी ते स्तंभाकृती बेसाल्टचे आहेत असे जाहीर केले. छिन्नीचा स्पर्श न झालेला दगड इतक्या रेखीव कडांनी उभा राहतो, हे पाहून तो एखाद्या जुन्या मंदिराचा वा गढीचा अवशेष असावा असे कोणालाही प्रथम वाटेल; वस्तुतः तो निसर्गतःच घडलेला आहे. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आणि कर्नाटकात उडुपीजवळचे सेंट मेरी बेट ही अशाच स्तंभांची प्रसिद्ध उदाहरणे होत.

लाव्हाचा जाड थर वरून आणि खालून निवू लागतो, निवताना आक्रसतो, आणि आक्रसताना तडकतो. मातीत जे काम पाणी उडून गेल्याने होते तेच येथे उष्णता निघून गेल्याने होते. फरक इतकाच की निवण्याची सीमा जसजशी थराच्या पोटात सरकते तसतशी भेगही तिच्यामागून टप्प्याटप्प्याने आत उतरत जाते आणि उतरता उतरता आपले कोन सुधारून घेते, म्हणून पृष्ठावरचे ओबडधोबड चौकोन पोटात षट्‌कोनी स्तंभ होतात. हे अनुमान पडताळण्यासाठी गोहरिंग आणि टोरांटो विद्यापीठाचे स्टीफन मॉरिस यांनी मक्याचे सत्त्व पाण्यात कालवून दिव्याखाली वाळवले, आणि त्या पांढऱ्या वडीत बोटाएवढेही जाड नसलेले, परंतु हुबेहूब तसेच स्तंभ उभे राहिले. पुढे २०१८ साली इंग्लंडातील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी आइसलँडचा बेसाल्ट तापवून, दोन्ही टोकांना घट्ट धरून निवू दिला, आणि तो ८४० ते ८९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तडकतो असे मोजले. म्हणजे लाव्हा पूर्णपणे घट्ट झाल्यानंतर, तथापि तो लालबुंद तप्त असतानाच, हे स्तंभ पडतात. शिबल्याचा खडक ज्या घटकेला दुभंगला त्या घटकेची उष्णता आज आपल्याला इतक्या अचूकपणे सांगता यावी, याचे मला अपार कौतुक वाटते. अशा जागेची नोंद तालुक्याच्या दफ्तरी व्हावी आणि तो दगड खडी फोडणाऱ्या यंत्राच्या तोंडी जाऊ नये, एवढी काळजी आपण जिल्हावासीयांनी वाहिली पाहिजे.

हा लाव्हा आला कोठून? भारताचा भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि उत्तरेकडे सरकताना तो, ज्यावर आज हिंदी महासागरातील रेयुनियन बेट उभे आहे, त्या तप्त स्थानावरून गेला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या काळी जमिनीला लांबच लांब चिरा पडून जो रस बाहेर आला, त्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते आणि पूर्वेकडे ती उतरत जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात, वणीच्या बाजूस, हे आवरण संपत येते, म्हणून तेथे त्याच्याखालचा प्राचीन दगडी कोळसा आणि चुनखडक हाती लागतो. महागावकडून वणीकडे जाणारा प्रवासी या विशाल पाषाणी चादरीच्या काठाकडे चाललेला असतो, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल?

हे सारे घडले कधी, याचे उत्तर मिळवण्याची खटपट मोठी रोचक आहे. बेसाल्टमध्ये कालमापनाला सोयीचे झिरकॉन हे खनिज फारसे मिळत नाही. परंतु लाव्हाच्या दोन लोटांमध्ये कित्येक ठिकाणी विटकरी मातीचा पातळ पट्टा असतो, जो सह्याद्रीच्या घाटात मोटारीतूनही ओळखू येतो. एक लोट निवून दुसरा येईपर्यंत जो अवधी गेला त्यात वरच्या दगडाची ती झालेली माती आहे, आणि तिच्यात दूरच्या स्फोटक ज्वालामुखींची राख पडून झिरकॉनचे कण अडकलेले आहेत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांचे सहकारी यांनी हे कण वेचून त्यांतील युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजले, आणि २०१५ साली असे मांडले की डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी मुख्य उद्रेक सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत अकरा लाख घनकिलोमीटरांहून अधिक लाव्हा बाहेर पडला. कालगणनेच्या या निष्कर्षाने जुन्या वादाला पुन्हा जोर आला, कारण मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आदळलेला अशनी हाच डायनोसॉरांचा एकमेव काळ, अशी तोवर बहुतेकांची खात्री झाली होती.

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ छापले गेले. शोएन यांचे म्हणणे, उद्रेकाचे चार मोठे झटके आले आणि त्यांतील एक अशनिपाताच्या काही दशसहस्र वर्षेच आधीचा आहे. कर्टनी स्प्रेन, पॉल रेनी आदींचे म्हणणे, आर्गॉन वायूच्या पद्धतीने मोजता जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा अशनिपातानंतर वाहिला. दोन्ही पक्षांनी सह्याद्रीचेच दगड तपासले, दोन्ही पक्षांची उपकरणे उत्कृष्ट, आणि तरी उत्तरे जुळली नाहीत. मला स्वतःला येथे कोणा एकाची बाजू घेण्याची घाई करावीशी वाटत नाही. ज्या प्रश्नाचा निवाडा पूर्वी कोट्यवधी वर्षांच्या ढोबळ मापाने होत असे, त्यात आता काही सहस्र वर्षांच्या फरकावरून तंटा व्हावा, हीच मोठी प्रगती होय.

परंतु या लेखांकाचे शीर्षक ज्या शोधावरून दिले आहे, तो या दोन्हींपेक्षा मला अधिक अद्‌भुत वाटतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक खेडे आहे. लाव्हाच्या आवरणाखालचे जुने, तांबडे-हिरवट मातीचे थर तेथे शेतांतच उघडे पडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील अवशेषांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. आणि पुढे सी. ए. मॅटली यांनी १९३९ साली येथे विपुल सापडणाऱ्या अश्मीभूत विष्ठेच्या गोळ्यांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण केले. त्यांतील मोठे गोळे लांब मानेच्या, प्रचंड देहाच्या टायटॅनोसॉर जातीच्या शाकाहारी डायनोसॉरांचे असावेत असे मानतात. या गोळ्यांना कोणी तुच्छ मानू नये. हाडांवरून प्राण्याची उंची कळते, परंतु तो काय खात होता याचा खरा जबाब हे गोळेच देतात.

हा जबाब नोंदवला लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, तेव्हा स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि चंदीगडचे ज्येष्ठ पुराजीवशास्त्रज्ञ अशोक साहनी यांनी. वनस्पती मुळांवाटे पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषून घेतात आणि ती पेशींत साठून तिचे सूक्ष्म, काचेसारखे कठीण कण बनतात. ज्वारीच्या सोंगणीला गेलेल्या बायांच्या हातांवर पानांच्या कडांनी जे ओरखडे उठतात, त्याला हीच सिलिका कारण आहे. पान कुजते, जनावराच्या पोटात पचते, तरी हे कण टिकून राहतात, आणि गवताच्या काही पेशींतील कणांची घडण अशी विशिष्ट असते, कोठे खोगिरासारखी तर कोठे डमरूसारखी, की दुसऱ्या कुळाशी तिची गफलत होत नाही. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत ताड, सूचिपर्णी वृक्ष आणि इतर झाडे यांच्या कणांबरोबर गवताचेही कण निघाले, आणि तेही एका प्रकारचे नव्हे, तर निदान पाच प्रकारांचे. १८ नोव्हेंबर २००५ रोजी ही वार्ता प्रसिद्ध झाली.

या वार्तेने खळबळ का उडाली हे सांगितले पाहिजे. गवताचा खरा विस्तार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, आणि चरणाऱ्या प्राण्यांच्या उंच दाढा त्याहूनही अलीकडच्या, असा पाठ्यपुस्तकांचा शिरस्ता होता. डायनोसॉरांच्या चित्रात पायांशी गवत रंगवणे ही ढोबळ चूक समजली जाई. पिसदुऱ्याने तो शिरस्ता मोडला. गवत हे या प्राण्यांचे मुख्य अन्न होते असे मात्र नाही, कारण इतर वनस्पतींचे कण अधिक आहेत. पण हे प्राणी गवत तोंडात घेत होते हे निर्विवाद ठरले. आणखी एक कोडे सुटण्यास मदत झाली. त्याच युगातील भारतीय थरांत गोंडवानाथेरिया गटातल्या चिमुकल्या सस्तन प्राण्यांच्या उंच, झीज सोसणाऱ्या दाढा सापडल्या होत्या, आणि गवतच नव्हते तर अशा दाढा कशासाठी, हा प्रश्न शिल्लक होता. आता त्यास संभाव्य उत्तर मिळाले.

याच संशोधकांपैकी काहींनी इतर सहकाऱ्यांसह २०११ साली पुढचे पाऊल टाकले. पिसदुऱ्याच्या आणखी नमुन्यांत त्यांना असे कण आढळले, ज्यांची घडण भाताच्या कुळाशी जुळते. म्हणजे आपल्या ताटातील तांदळाचे दूरचे पूर्वज लाव्हाच्या त्या युगातही, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या भारतभूमीवर उगवत होते. चीनच्या गान्सू प्रांतातील एका डायनोसॉराच्या दातांवर मिळालेल्या कणांनी २०१८ साली गवताचा काळ याहूनही मागे, दहा कोटी वर्षांपलीकडे नेला. तथापि मान्यतेच्या भिंतीला पहिले खिंडार पाडले ते वरोरा तालुक्यातील एका खेड्याच्या शेतांनी, आणि ज्या काळ्या जमिनीत आपण ज्वारी पेरतो ती ज्या लाव्हापासून झाली, त्या लाव्हाचे आवरण जेथे पडले त्याच्या खालच्या थरांत ज्वारीचेच गोत्रज दडलेले होते.

पुढील लेखांकात टिपेश्वरच्या अभयारण्यातून २०१९ साली निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेलेल्या वाघाचा प्रवास पाहू.